ट्रीटमेंट संपल्यावर खायचं काय?

ताई, स्तनाच्या कॅन्सरची किमो संपली की घरात जो तो आहारतज्ज्ञ होतो. दूध सोडा, सोयाबीन बंद करा! ऐकून घ्या, पण लगेच काही सोडू नका. सोयाबीन जेवणातल्या प्रमाणात चालतं. सोयाच्या गोळ्या मात्र नकोत.

लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी, कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर खरी काळजी हाडांची. त्या गोळीने हाडं ठिसूळ होऊ शकतात. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून सकाळी चहा-खारीऐवजी नाचणीची गरम भाकरी, जोडीला वाटीभर दही. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.

आपल्या नाशिकची द्राक्षं खुशाल खा, वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा. वाईन मात्र नकोच, ‘थोडीशी चालते’ म्हणणारे खूप भेटतील. कुणी काढा-पावडर दिली तर आधी पुडी डॉक्टरांना दाखवा. प्रश्न आत्ताच फाईलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, केबिनमध्ये गेल्यावर आठवत नाहीत.