शेवाळाचं तेल माळकऱ्यांना चालेल?

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी डीएचएच्या गोळ्या दिल्यात. आम्ही माळकरी, हे माशाचं तेल तर नव्हे? जवसाची चटणी पुरणार नाही का? — एक सासूबाई, खानापूर

उत्तर : ताई, डीएचए म्हणजे बाळाच्या मेंदूला-डोळ्यांना लागणारं एक ओमेगा-३ मेदाम्ल. पाकिटावर 'अल्गल ऑइल' म्हणजे शेवाळाचं तेल असं असेल तर ते माशाचं नाही. मासेसुद्धा डीएचए मुळात शेवाळाकडूनच मिळवतात! या तेलासाठी शिझोकायट्रियम हा शेवाळासारखा समुद्री सूक्ष्मजीव पोलादी टाक्यांत साखरेवर वाढवतात. नायट्रोजन संपला की त्याची वाढ थांबते आणि तो पेशीत तेल साठवू लागतो; मला हेच विलक्षण वाटतं. पुढे पेशी फोडून तेल काढतात, शुद्ध करतात. जवस जरूर द्या, पण त्यातल्या ओमेगा-३चं शरीरात डीएचए फारच थोडं बनतं. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं, असू शकतं. हिरवा ठिपका बघूनच घ्या.