रक्ताचं नातं नाही, मग इतकं का लागतं?

‘सख्खा भाऊ गेला तवा मी एवढा खचलो नव्हतो. ह्यो तर आमचा कोणच नव्हता. डोकं फिरलंय काय माझं, मॅडम?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले हे गृहस्थ पन्नाशीतले, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. ‘ह्यो’ म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला कैक हंगाम त्यांच्या शेजारी बसणारा माणूस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. संघाचं नाव तर सांगतच नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, यातलं एक उच्चारलं की पेठेत माणूस हुडकायला अर्धा तास पुष्कळ झाला.)

ऐन हंगामात हार्ट अटॅक आला आणि तो गेला. रक्षाविसर्जनाला हे पंचगंगेवर गेले, पण मागंच उभे राहिले. कोण म्हणून पुढं होणार? घरी बायको म्हणाली, ‘मॅच बघायचा दोस्त त्यो. त्यापायी जेवण सोडताय व्हय?’

सुतक भावकी बघून लागतं, दुःख तसं लागत नाही. समाज ज्या शोकाला जागा देत नाही, त्यावर अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये सविस्तर लिहिलं. जुनी शेजारीण किंवा कामावरचा जोडीदार गेल्यावरही लोक माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. रडायला हरकत कुणाचीच नसते, पण सांत्वनाला कुणी येत नाही.

मी विचारलं, ‘शेवटची मिठी कुणाला मारली होती?’ बराच वेळ गप्प बसून म्हणाले, ‘त्यालाच. गोल झाल्यावर.’ भावाला कधी मिठी मारल्याचं त्यांना आठवेना. मोठ्या माणसानं चारचौघांत ओरडावं, रडावं, गळ्यात पडावं अशी एकच जागा त्यांच्या आयुष्यात होती, आणि तिथला सोबती गेला होता. यात डोकं फिरण्यासारखं काय आहे?

तरी झोप, दारू आणि ‘जगणं नको वाटतं का’ हे मी थेट विचारलंच. तसं काही नव्हतं. असतं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. असे विचार मनात येत असतील तर वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं अडलेलं असेल, तरी तपासून घ्यावं.

‘स्टेडियमवर जा, बरं वाटेल’ असा सल्ला मी देत नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाचा तिथं जीव गुदमरतो. यांना हवा होता त्याच्याबद्दल ऐकणारा माणूस. म्हणून ते त्याच्या घरी गेले. तिथं वहिनींचा राग निघाला: घरातलं कुठलंही कार्य असो, ह्यांची आपली मॅच! तोही शोकच होता, फक्त वेगळ्या माणसाचा. मुलाला फुटबॉलात रस नाही, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, ‘पप्पा खरंच रेफरीला शिव्या द्यायचे?’

‘लई.’

घरात कधी आवाज न चढवणारा बाप! पोरगा हसत सुटला, वहिनीही.

आता जेवण पूर्ववत आहे. मॅचच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पण ती खोड जुनीच आहे, असं त्यांची बायको सांगते.