जीसीसीसाठी पहिलं प्लगिन लिहिताना

प्लगिन म्हणजे जीसीसी या कंपायलरला बाहेरून जोडायचा आपला कोड. पहिल्याच दिवशी ऑप्टिमायझेशनच्या मागे लागू नका. फंक्शन पार्स झाल्याच्या (कंपायलरने वाचून संपवल्याच्या) इव्हेंटवर कॉलबॅक, म्हणजे त्या वेळी जीसीसीने बोलवायचं आपलं फंक्शन, नोंदवा आणि त्यात फक्त फंक्शनचं नाव छापा. पाच ओळींच्या सी फाइलवर ‘मेन’ छापलेलं दिसलं की निम्मी भीती जाते.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- कोडमध्ये ‘प्लगिन इज जीपीएल कंपॅटिबल’ हे सिम्बॉल घोषित केलेलं नसतं. ते नसेल तर जीसीसी प्लगिन घेतच नाही.
- आवृत्ती जुळत नाही. जीसीसी १२ च्या हेडरवर बांधलेलं प्लगिन १३ मध्ये चालेल असं धरू नका; माझे सुरुवातीचे दोन दिवस यातच गेले. आवृत्ती तपासणारं तयार फंक्शन आहे, ते ‘प्लगिन इनिट’मध्ये (प्लगिन लोड होताना जीसीसी बोलवतं त्या फंक्शनमध्ये) सगळ्यात आधी बोलवा.

नवे पास (कोडवर प्रक्रिया करणारे टप्पे), गिंपल (जीसीसीचं कोडचं अंतर्गत रूप) वगैरे नंतर बघू. जमेल तुम्हाला.