लिव्हरची रायफल, घरची काडतुसं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींवर माझा लेख आला आणि पत्रांचा ढीग पडला. संपादक म्हणाले, निवडक पत्रांना इथंच उत्तरं द्या. देतो. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मी मूळचा सोलापूरचा. मिलच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केले, पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एरी गावी डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवायच्या कारखान्यात नोकरी केली. तिथं या रायफलींचं आणि त्यांची काडतुसं स्वतः भरायचं वेड लागलं, ते निवृत्तीपर्यंत सुटलं नाही. परत येताना रायफली तिकडेच विकल्या. इथं माझ्याकडे एक एअर रायफल आहे आणि नोंदींच्या वह्या आहेत.

काका, बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल जास्त अचूक असते असं सगळीकडे वाचतो. मग तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या लिव्हरलाच का धरून बसलात? — एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

अचूक असते, त्यात वाद नाही. तीनशे मीटरवर नेम मारायचा असेल तर लिव्हर घेऊच नका.

लिव्हर म्हणजे चापाभोवतीची ती लोखंडी कडी. खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि घोडा चढतो, वर ओढली की नवं काडतूस नळीत जातं. १८६० ची हेन्री रायफल घ्या : नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक सोळा काडतुसं. बाकीचं सैन्य तेव्हा नळीच्या तोंडातून एकेक गोळी ठासत होतं. मग विंचेस्टरची १८७३ आली, आणि जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४. ही ९४ सत्तर लाखांहून जास्त बनली. तिचं थर्टी-थर्टी काडतूस १८९५ साली बाजारात आलं, ते आजही अमेरिकेतल्या कुठल्याही आडगावच्या दुकानात मिळतं.

माझी होती मार्लिन ३३६, १९४८ पासूनचं मॉडेल. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, आणि जंगल इतकं दाट की शंभर यार्डांपलीकडचं दिसतच नाही. त्यामुळे आमच्या टूल-रूममध्ये निम्म्या लोकांकडे लिव्हरच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा, त्या दिवशी शाळासुद्धा बंद! मी काही कधी हरणामागे गेलो नाही. घरचं वळण माळकरी, मला कागदावरचं टार्गेट पुरे.

खरं कारण सांगू? हिचं मशीन डोळ्यांसमोर चालतं. मार्लिनच्या लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर हातात येते, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे सरकून निघतो, आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर ९४ ला ती सोय नाही. तिथं गज तोंडाकडून घालावा लागतो, आणि गजाने तोंडाची कड घासली गेली की नेम बिघडला. ज्याने कोणी मार्लिनचा तो स्क्रू तिथं ठेवला, त्याने स्वतः बंदुका साफ केलेल्या असणार.

वस्तीवर राखणीसाठी वडिलांच्या नावे परवान्याची बारा बोअर आहे. काडतुसं फार महाग झाली. तुमच्यासारखी घरी भरली तर? — बार्शी

नाही. आणि "तेवढ्यापुरती" सुद्धा नाही.

मी भरत होतो ते अमेरिकेत, तिथं स्वतःच्या वापरापुरती भरायला मुभा आहे. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे कायद्याने दारूगोळा तयार करणं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायच्या परवान्यात ते बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. काडतुसामागे वाचणाऱ्या चार पैशांसाठी हे?

त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं : "वडील थकले, आता मीच वापरतो." परवाना वडिलांचा आहे, तुमचा नाही. बार्शी ग्रामीण हद्दीत येते, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या नावाचं काय करायचं ते आधी विचारा. सोलापूर शहरातल्यांनी पोलिस आयुक्तालयात जायचं.

लिव्हर रायफलच्या गोळीचं टोक चपटं असतं असं लिहिलंत. टोकदार गोळी हवेतून चांगली जाते ना? — मेकॅनिकलचा विद्यार्थी, पंढरपूर

जाते. पण नळकांड्यातली रांग डोळ्यांपुढे आण. प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या बरोबर मध्यावर टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग. रायफल उडाली की धक्क्याने अख्खी रांग मागेपुढे आदळते. तिथं टोकदार गोळी असेल तर तिनेच टोपी फोडायची. म्हणून टोक चपटं किंवा बोथट.

यातून वाट काढायचे प्रयत्न झालेच. ब्राउनिंगच्याच १८९५ च्या विंचेस्टरला पोटाखाली पेटीचं मॅगझिन दिलं. पहिल्या महायुद्धात रशियाने तसल्या जवळपास तीन लाख रायफली मागवल्या होत्या. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं चक्राकार फिरतात. अलीकडे हॉर्नेडी कंपनीने मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी काढली, ती दाबली तर चेपते, टोपी फोडत नाही.

नळकांड्यामुळे आणखी एक काम वाढतं. पुढून स्प्रिंग रेटत असते, तेव्हा गोळी पुंगळीत आत सरकू नये म्हणून तिच्या अंगावरच्या खाचेत पुंगळीचं तोंड आवळून बसवावं लागतं. कमी आवळलं तर गोळी आत जाऊन दाब वाढतो. जास्त आवळलं तर पुंगळीचा खांदा फुगतो आणि काडतूस नळीत शिरत नाही. तुला फिट्स अँड टॉलरन्सेसचा पेपर असेल तर हे उदाहरण लिही, मार्क मिळतील.

काडतुसं घरी भरून खरंच पैसे वाचतात का? आणि एक पुंगळी किती वेळा वापरता येते? — अक्कलकोट

एका काडतुसापुरता हिशेब केला तर वाचतात, कारण सगळ्यात महाग भाग पितळी पुंगळी आणि ती पुन्हा वापरता येते. पण प्रेस, काटा, व्हर्नियर, पुंगळ्या घासायचा ड्रम हे सगळं धरून बायकोने एकदा एकूण हिशेब विचारला होता. तो तिला अजून मिळायचाय. (डाय विकत घ्यायची मात्र मला लाज वाटायची. आयुष्यभर लोकांना डाय करून देणारा मी!)

काम असं : जुनी टोपी काढायची, पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, लांबी वाढली असेल तर कापायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, गोळी बसवून तोंड आवळायचं. दारू ग्रेनमध्ये मोजतात, ७००० ग्रेनचा एक पौंड. एक ग्रेन म्हणजे सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मं. कुठली दारू किती, हे आकडे मी देणार नाही. तिकडेही ते कोणी कोणाच्या तोंडून घेत नाही, छापील मॅन्युअल बघतात आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करतात.

पुंगळी किती वेळा? याला आकडा नाही, बघणं आहे. मार्लिन काय, विंचेस्टर ९४ काय, बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. गोळी उडताना तो केसभर दबतो आणि तेवढी पुंगळी ताणली जाते. म्हणून तर थर्टी-थर्टीचा दाब चौरस इंचाला ४२,००० पौंडांवर नेत नाहीत. आजच्या बऱ्याच बोल्ट रायफलींची काडतुसं साठ हजारांच्या पुढे असतात. पितळ पातळ होतं ते बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने. बाहेरून आधी काही कळत नाही. पुढे कधीतरी त्या जागी चकचकीत कडं दिसतं, पण तोवर उशीर झालेला असतो. पुढच्या बाराला बूड बाहेर येतं आणि धड नळीतच राहतं.

मी सायकलच्या स्पोकची तार घेऊन टोक काटकोनात वळवलं होतं आणि ते कानशीने घासून अणकुचीदार केलं होतं. तार पुंगळीत तळापर्यंत घालायची, टोक भिंतीला टेकवून सावकाश वर ओढायची. चांगल्या पुंगळीत ती गुळगुळीत वर येते. पातळ झालेलीत बुडाजवळ एक बारीक खाच लागते, बोटाला कळते, कधी कधी नखाएवढी तर कधी केसाएवढी. लागली की पक्कडीने पुंगळी चेपून भंगाराच्या डब्यात टाकायची. चेपायची, कारण नुसती बाजूला ठेवलेली पुंगळी संध्याकाळी पुन्हा चांगल्यांत मिसळते. डाय जरा वर घेतला, पुंगळी गरजेपुरतीच दाबली, तर ती खूप जास्त टिकते. बहुतेक लोक डाय पार खालपर्यंत पिळतात आणि मग पितळाला शिव्या घालतात.

दुसरी बघायची जागा म्हणजे .३८ स्पेशलसारखी पिस्तुलाची काडतुसं, तीही लिव्हरमध्ये चालतात. त्यांची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातल्या मापाची, मोठी. आजची दारू तिच्या तळाशी चिमूटभर. चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि तशी एक गोळी उडाली तर रायफल फुटू शकते. त्यासाठी लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करायच्या, वरून बॅटरी मारायची आणि एकेक पुंगळीत डोकावून पातळी बघायची. तेव्हा रेडिओ बंद, फोन बंद, आणि बायकोसुद्धा बोलत नसे.

आमचे हे बंगल्याच्या गच्चीवर एअर गनने टार्गेट मारतात. छर्रे तोंडात धरून एकेक भरतात. शिसं वाईट ना? — होटगी रोड, सोलापूर

वाईट. त्यांना ही ओळ दाखवा : छर्रे तोंडात धरायचे नाहीत. शिसं पोटातून अंगात जातं आणि लहान मुलांना जास्त बाधतं. खेळून झालं की साबणाने हात धुवायचे, मग चहा. छर्र्यांची डबी स्वयंपाकघरात नको. गच्चीवर टार्गेटमागे दगडी भिंत असेल तर छर्रा उलटून डोळ्यात येतो. मागे वाळूने भरलेली पेटी ठेवा आणि चष्मा घाला.

मुलगी नववीत, डावखुरी. स्वप्नील कुसाळेला बघितल्यापासून नेमबाजीच म्हणते. लिव्हर डावखुऱ्यांना सोयीची असं लिहिलंत, ती इथं मिळेल का? गड्ड्याच्या जत्रेत तिने सगळे फुगे फोडले! — मोहोळ

लिव्हर मधोमध असते म्हणून डाव्या-उजव्याला सारखीच, एवढंच मी म्हटलं होतं. तिच्या कामाची ती नाही, मनातून काढा. तिने १० मीटर एअर रायफलने सुरुवात करावी. ४.५ मि.मी. नळीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. आपल्यापासून काही फार लांबचं गाव नाही.

रायफल घेण्याआधी एक करा. तिला दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट करायला सांगा, फटीतून समोरचं घड्याळ बघायला लावा, मग एकेक डोळा मिटवा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो तिचा नेमाचा डोळा. तो उजवा निघाला तर हात डावा असूनही प्रशिक्षक तिला उजव्या खांद्यावर रायफल धरायला सांगतील. तसं झालं तर हट्ट करू नका.

गड्ड्याचं कौतुक आहेच. होम मैदानावरच्या त्या बंदुकांची पुढची खूण बहुधा एका बाजूला कललेली असते, तरी फुगे फुटले म्हणजे पोरीने दोन बारांत बंदुकीचा स्वभाव ओळखला. फक्त फुगा केवढा असतो ते लक्षात घ्या. १० मीटरच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो.

करमाळ्याकडे रानडुकरं पिकं लोळवतात, काळवीटही फार झालेत. शिकारीला कुठली रायफल? — करमाळा

कुठलीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि काळवीट त्यात वरच्या यादीत. नान्नज-करमाळ्याचा माळ माळढोकासाठी राखलेला, तो पक्षी आता दिसेनासा होत चालला आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. पंचनामा वेळेत करून घ्या.

जुनी, मोडून भरायची एअर गन. जाम झाली म्हणून करडईचं तेल सोडलं. आता बार मोठा होतो, नळीतून धूर येतो. ताकद वाढली का? — सोरेगाव

ताकद नाही वाढली, तेल पेटतंय. पिस्टन पुढे आदळताना सिलिंडरमधली हवा इतकी तापते की डिझेल इंजिनसारखा आत भडका होतो. चार दिवस मजा वाटते, मग वॉशर जळतो आणि स्प्रिंग तुटते. करडईचं तेल शेंगाचटणीवर घ्या. नळीतून कोरडी चिंधी फिरवा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. छर्रा न घालता बार काढू नका, त्याने पिस्टन थेट ठोकर खातो. आणि मागचा नट घरी सोडू नका; आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, शिकंज्यात धरल्याशिवाय खोलली तर तोंडावर येते. खोलणाऱ्याला एवढंच विचारून कळवा, वॉशर चामड्याचा आहे की सिंथेटिक. कुठलं तेल आणि किती थेंब, ते त्यावर ठरेल.