गोळी कोटिंगवाली आहे, मग पोटाला त्रास कसा?

प्रश्न: माझे सासरे 71 वर्षांचे आहेत, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवलाय, तेव्हापासून रोज अ‍ॅस्पिरिन 75 चालू आहे. हल्ली जिना चढताना धाप लागते म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9 आलं. पोट अजिबात दुखत नाही. मेडिकलवाले म्हणतात गोळी कोटिंगवाली आहे, पोटाला काही होत नाही. गुडघ्यांसाठी ते मधूनमधून डायक्लोफिनॅक घेतात. अ‍ॅस्पिरिन बंद करू का? आणि सासूबाई (वय 73, कसलाच आजार नाही) हार्टला चांगली म्हणून त्यांच्याच पाकिटातली गोळी घेतात, चालेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, स्टेंट आहे. बंद करायचंय ते डायक्लोफिनॅक, आणि तेही आजपासूनच, कारण ही वेदनाशामक गोळीही पोटाच्या अस्तराला इजा करते. तोवर गुडघ्यांना पॅरासिटामॉल चालतं का ते डॉक्टरांना विचारा.

कोटिंगबद्दल बहुतेकांचा हाच समज असतो. गोळी पोटात विरघळली नाही की पोट सुखरूप, असं वाटतं, पण तसं होत नाही, कारण मुख्य नुकसान रक्तातून होतं. पोटाच्या आतल्या अस्तराला अ‍ॅसिडपासून वाचवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीर तयार करत असतं, अ‍ॅस्पिरिन ती कमी करतं, मग गोळी कुठेही विरघळो. शिवाय या गोळीने प्लेटलेट्स (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) एकदा निकामी झाल्या की त्या मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तशाच राहतात, त्यामुळे छोटी जखमसुद्धा झिरपत राहते. दुखत नाही म्हणून अल्सर नाही असंही समजू नका, वयस्कर माणसांत कित्येकदा पहिलं लक्षण रक्त कमी होणं हेच असतं.

आता आतड्याचं. कोटिंगवाली गोळी पोट ओलांडून लहान आतड्यात विरघळते आणि तिथेही बारीक जखमा होऊ शकतात. पँटोप्राझोल (अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) पोटाला आणि त्याच्या लगेच पुढच्या भागाला चांगलं वाचवतं, सासऱ्यांच्या वयात ते सोबत असायलाच हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्याच्या पुढच्या आतड्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी) नॉर्मल आली की विषय संपला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावी लागेल, कारण या वयात मोठ्या आतड्यातली गाठसुद्धा अशीच गुपचूप रक्त घालवते, आणि तरीही काही सापडलं नाही तर कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेली गोळी गिळून लहान आतड्याची तपासणी. एच. पायलोरी या जंतूची तपासणी मागून घ्या, तो असेल तर अल्सरचा धोका वाढतो आणि काही दिवसांच्या औषधांनी तो जातो.

हे सगळं याच आठवड्यात करा. शौचाला काळं, डांबरासारखं चिकट झालं, रक्ताची उलटी झाली किंवा चक्कर येऊन पडले तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.)

बंद करू नका असं का म्हणतो तेही सांगतो. हाँगकाँगमध्ये हार्ट किंवा मेंदूच्या आजारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारे आणि अल्सरमधून रक्तस्राव झालेले रुग्ण घेऊन एक अभ्यास झाला, 2010 मध्ये छापून आला. एंडोस्कोपीने रक्त थांबवल्यावर ज्यांचं अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव जास्त झाला, साधारण 10 टक्के विरुद्ध 5, पण आठ आठवड्यांत मृत्यू मात्र चालू ठेवलेल्यांत 1.3 टक्के आणि बंद केलेल्यांत 12.9 टक्के. त्यामुळे थांबवायचं का, किती दिवस, हे हार्टचे आणि पोटाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील, दोघांनाही सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा.

सासूबाईंना मात्र नको. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत 19 हजारांवर निरोगी ज्येष्ठांना घेऊन केलेल्या चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले, रोज 100 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेऊन हार्टचे आजार म्हणावे तसे कमी झाले नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र 2.8 वरून 3.8 टक्क्यांवर गेला. त्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक, स्टेंट यातलं काही झालेलं नसेल आणि कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर ही गोळी घ्यायचं काही कारण नाही. आणि आत्तापर्यंत घेतलीच आहे, तर सासऱ्यांसोबत त्यांचंही हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.