क्वारेंतेनातल्या घरी पहिल्यांदा जाताना

अमेरिकेतल्या अनेक मेक्सिकन घरांत बाळंतिणीचे चाळीस दिवस ‘क्वारेंतेना’ म्हणून पाळतात, आपल्या सव्वा महिन्यासारखे. कोंबडीचं काल्दो म्हणजे सूप, गरम आतोले म्हणजे मक्याची पातळ पेज, पोटाला फाखा म्हणजे पट्टा. आरोग्यभेटीला गेलात, तर यावर वाद घालू नका. फाखा फक्त श्वास अडेल किंवा टाके दुखतील इतका आवळलेला नको.

आधी बाळाच्या आजीशी बोला, ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणून. पोटदुखीवर बाळाला चक्रीफुलाचा चहा पाजतात का, हे नक्की विचारा. त्यात विषारी जपानी चक्रीफूल मिसळलेलं असलं तर बाळाला झटके येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्येच इशारा दिला होता. वर्षाच्या आत मधही नाही.

पाचव्या दिवसापासून २४ तासांत बाळाचे निदान सहा ओले डायपर हवेत. आईचा पॅड तासाभरात पूर्ण भिजला, ताप ३८ अंशांवर गेला किंवा डोकं ठणकून अंधुक दिसू लागलं, तर थेट हॉस्पिटल.

मनाची विचारपूस एकटीला गाठून करा. सासूसमोर ती ‘एस्तोय बिएन’, म्हणजे ‘मी बरी आहे’, असंच म्हणणार. मोठ्या मुलाला दुभाषा करू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली स्पॅनिशमध्ये मिळते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे. उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही आलं, तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी मदत मिळवा. मातांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या अमेरिकेतल्या हेल्पलाइनवर, १-८३३-८५२-६२६२ ला, स्पॅनिशमध्ये चोवीस तास मोफत बोलता येतं.