जिओपांडासमधून जिओजेसन काढताना
जिओपांडास या नकाशाचा डेटा हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीतून फाइल काढताना शेपफाइल या जुन्या नकाशा-फॉरमॅटच्या मागे लागू नका, सरळ जिओजेसन (नकाशाचा डेटा साध्या मजकुरात ठेवणारा फॉरमॅट) काढा. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला जेमतेम 10 बाइट मिळतात आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं साधं अक्षरही 3 बाइट खातं. ‘लोकसंख्या’ बसणारच नाही.

फाइल लिहिण्याआधी टू-सीआरएस (निर्देशांक पद्धत बदलणारं फंक्शन) वापरून डेटा ईपीएसजी 4326 मध्ये, म्हणजे नेहमीच्या अक्षांश-रेखांशांत आणा. इथे नवे लोक बरेचदा सेट-सीआरएस वापरतात. त्याने डेटाला फक्त पद्धतीच्या नावाचं लेबल लागतं, निर्देशांकांचे आकडे होते तसेच राहतात. हा फरक आधी पक्का करा, खरंच. बिंदू हाताने तयार करत असाल तर आधी रेखांश, मग अक्षांश. पुण्यासाठी 73.85, 18.52. उलटं लिहिलंत तर पुणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं! फाइल तयार झाली की क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघाच.